बॉनेटवरचे पोचे

सात वर्षांनी माझा धाकटा भाऊ घरी आला, तो लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. बहिणीला पत्रिका स्वतः जाऊन द्यावी लागते, म्हणून आला. एरवी तो आला नसता, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही.

तो सांगलीला राहतो. आमचं गाव कडेगावजवळ. सकाळी निघालेला माणूस जेवायच्या आत पोचतो, एवढंच अंतर. पण सात वर्षांपूर्वी त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि त्या दिवशी पूजा चालू असताना मी मधूनच उठले. कुणाला सांगितलं नाही, जेवले नाही, सरळ एसटीत बसून गावी आले. ते त्याला फार लागलं. "आक्काला आमचं घर बघवलं न्हाई," असं तो कुणापाशी तरी बोलला आणि ते बोलणं फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. मी त्यावर काहीच बोलले नाही. मला बोलायची लहानपणापासून भीती. चौथीत मास्तरांनी उभं केलं की येत असलेलं उत्तरसुद्धा तोंडातून बाहेर पडायचं नाही. पुढं शाळा सुटली, भीती तशीच राहिली. वहीत लिहिताना मात्र ती वाटत नाही.

त्या दिवसापासून भाऊबीज कुणाच्या तरी हाती यायची आणि राखी मी पोस्टानं पाठवायचे.

तर तो आला. एकटाच होता. गाडी नवी, राखाडी रंगाची, सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. त्यानं ती अंगणात मधोमध उभी केली. वैशाखाचं ऊन होतं. मला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. मी म्हटलं, "उन्हात कशाला? गोठ्याला लावून उभी कर. सावली हाय तिथं."

त्यानं मुकाट्यानं गाडी मागं घेतली आणि गोठ्याच्या भिंतीला लावली.

आमच्या गोठ्यावर पत्रा आहे आणि पत्र्यावर दगड. वाऱ्यानं पत्रा उचलू नये म्हणून आमच्याकडं सगळेच ठेवतात. आमचे मालक गेल्या वर्षापासून "हुक मारून घेतो" म्हणत होते. त्यांची वाट बघून शेवटी मीच शिडी लावली आणि आणखी पाच-सहा दगड आणि विटांचे तुकडे वर नेऊन ठेवले. त्यातले दोन-तीन अगदी कडेला होते. गाडी लाव म्हणताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

भावानं पत्रिकेला हळदकुंकू लावलं, देवापुढं ठेवली, मग माझ्या हातात दिली. म्हणाला, "तुम्ही या लग्नाला, आक्का."

मला तो जन्मापासून 'तू' म्हणत आलाय. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलंय. त्याला अजून चार गावं करायची होती, चहा घेऊन निघणार होता. मी चहा ठेवला आणि तेवढ्यात अंधारून आलं.

वळवाचा वारा असा सुटला की समोरचं काही दिसेना. गारा नव्हत्या, पण पत्रे धडाधड वाजत होते, आणि त्या आवाजातच मला दुसरे आवाज ऐकू आले. ठप्प. ठप्प. मी ओळखले. हातातली गाळणी तशीच राहिली आणि चहा उतू गेला.

पाऊस थांबल्यावर भाऊ सोप्यात फोनवर बोलत होता. गावाबाहेर बाभळ आडवी पडून रस्ता बंद झाला होता. मी मागच्या दारानं गोठ्याकडं गेले. बॉनेटवर दोन दगड आणि विटेचे तुकडे पडले होते. ते उचलून मी गोठ्यामागं टाकले. पदरानं पाणी आणि पाला पुसला. आणि मग ते दिसले. एक, दोन, तीन... पाच पोचे. चार सुपारीएवढे, एक लिंबाएवढा. हंड्याला येतात तसे.

मालक मागून आले. त्यांनी बघितलं, वर पत्र्याकडं बघितलं.

"त्याला ठावं हाय?"

"न्हाई."

"मग सांगू नगंस. बाभळीखालनं, फांद्यातनं गाडी काढणार हाय त्यो. वाटंत झालं म्हणंल."

"आवं, पण..."

"पण काय? आधीच सात वर्सं तोंड फिरवून बसलाय. आता दगड घातलं म्हणल्यावर लग्नात तरी बोलंल का तुझ्याशी?"

मालक वाईट बोलत नव्हते. माझ्याच मनातलं बोलत होते. तेवढ्यात भाऊ बाहेर आला. माझा पदर भिजलेला, गाडी पुसलेली. तो म्हणाला, "कशाला पुसत बसला? राहू द्यायचं." अंधारून आलेलं असल्यामुळं त्याला काही दिसलं नाही. रस्ता सकाळपर्यंत मोकळा होणार नव्हता, म्हणून तो नाइलाजानं राहिला. जेवताना मालकांशी ऊसतोडीचं बोलला. माझ्याशी बोलला ते "भाकरी बास" एवढंच. मी माझं ताट तसंच म्हशीला घातलं.

सकाळी लख्ख ऊन पडलं, पण गाडी अजून गोठ्याच्या सावलीत होती. तो गाडीत बसला, चावी फिरवली. गाडी चालू झाली. आता हा जाणार आणि विट्यात कुठंतरी चहाला उतरला की बॉनेटवर उजेड पडणार. याला कळणार. आणि मी कालच पदरानं पुसत होते हे आठवणार. न सांगता निघून जाणारी बहीण, न सांगता दगड लपवणारी बहीण. असं वाटलं आणि मी जाऊन गाडीच्या पुढं उभी राहिले.

त्यानं काच खाली केली. "काय झालं?"

मी बोटानं बॉनेट दाखवलं. "दगड पडलं. पत्र्यावरचं. मीच ठेवलं हुतं. मीच गाडी हितं लाव म्हणलं." एवढं बोलायला मला केवढा वेळ लागला.

तो उतरला. वाकून बघितलं. मालक गोठ्याच्या दारात वैरणीची पेंढी धरून तसेच उभे. भावानं पाचही पोचे बघितले. मग एका पोच्यावरून बोट फिरवत म्हणाला, "काल पुसत होतीस ते हेच व्हय?"

"व्हय."

"कालच सांगायचं न्हाईस?"

त्यानं फोन काढला, कुणाला तरी विचारलं. विट्यात तासगाव रस्त्याला एक माणूस रंग न काढता पोचे काढतो असं कळलं. तो गाडीत बसायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "मी येते."

मालक म्हणाले, "तू जाऊन काय करणार?"

मला माहीत नव्हतं मी काय करणार. पण मी चप्पल घातली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. विट्यापर्यंत सीटांचं प्लास्टिक वळणावळणाला वाजत होतं.

दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड. आत पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक माणूस. त्यानं बॉनेटवरून हात फिरवला आणि भावाला विचारलं, "सायेब, भावकीचं भांडान हाय का? दगडं कुणी मारली?"

"आमच्या आक्काच्या पत्र्यावरनं पडली."

"म्हंजे भावकीच की!"

भावाच्या ओठांवर हसू आलं आणि त्यानं ते लगेच दाबलं. पण मी बघितलं.

तो माणूस म्हणाला, "रंग फुटलेला न्हाई. फुटला असता तर घासून नवा मारावा लागला असता. आता नुसता पत्रा उठवायचा. तीन तास तरी बसा."

त्यानं बॉनेट उघडलं, खालचं काळं अस्तर सोडवलं. त्याच्याकडं पुढं वाकवलेल्या लांब सळ्या होत्या, एक बारीक, एक जाड, अशा कितीतरी. शेजारी रेघारेघांचा एक दिवा उभा केला. दिव्याच्या रेघा बॉनेटवर पडल्या. जिथं पत्रा सरळ तिथं रेघ सरळ, जिथं पोचा तिथं रेघ वाकडी. त्या वाकड्या रेघेवर नजर ठेवून तो खालून सळीनं हळूहळू रेटत होता. एका दणक्यात काही करत नव्हता. जरा रेटायचं, बघायचं, परत जरा रेटायचं. वर जास्त आलं तर लाकडी खुंटीनं टकटक करून खाली बसवायचं.

मी त्याचा हात बघत होते. पहिला पोचा निघाला तेव्हा रेघ सरळ झाली आणि मला वाटलं, दगड पडल्याचं सांगितलं तर आभाळ कोसळलं नाही. मग तेही सांगून टाकावं. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. समोर रस्ता. त्याच्याकडं न बघता बोलता येणार होतं.

"त्या दिवशी," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"तुझ्या वास्तुशांतीला."

तो ताठ झाला. "जाऊ दे आक्का ते."

"मला अडचण आली हुती."

अडचण म्हटल्यावर बायकांना कळतं. पुरुषांनाही कळतं, पण त्यांच्यासमोर ती म्हणायची नसते. मी भावासमोर हा शब्द जन्मात उच्चारला नव्हता. माझे कान तापले. पण सुरू केलं होतं, म्हणून बोलत राहिले.

"पूजा चालू हुती. मला कलशाजवळ बसवलं हुतं. एकाएकी झालं. दिवस पण नव्हतं. कुणाला सांगू? तुझ्या नव्या घरात, पयल्याच दिवशी, देवापुढं विटाळ झाला असं सगळी म्हणाली असती. म्हणून उठले आन् आले."

आतून टकटक ऐकू येत होती. मी हळूच बघितलं तर भाऊ माझ्याकडंच बघत होता.

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

"मला न्हाई तर हिला सांगायचं."

"ती पाटावर तुझ्याशेजारी. गाठ बांधलेली तुमची. तिला कशी उठवू?"

"मग नंतर फोन करायचा!"

"फोनवर काय बोलू? तुझ्याशी?"

तो उठला, शेडच्या दारापर्यंत गेला, परत आला. "सात वर्सं, आक्का. मी रंग हिरवा मारला म्हणून तू गेलीस असं वाटायचं मला. का फरशी आवडली न्हाई. का वरच्या खोलीत दाजींना बसायला दिलं न्हाई म्हणून. कितीदा डोकं फोडून घेतलं." तो बोलता बोलता हसायला लागला आणि हसता हसता रुमालानं डोळे पुसले.

मग त्यानं तिथल्या तिथंच बायकोला फोन लावला. "ऐक, ही आक्का काय म्हणती ते." आणि फोन माझ्या कानाला लावून स्वतः बॉनेट बघायला म्हणून लांब गेला. मी भावजयीला सांगितलं. या वेळी जरा सोपं गेलं.

ती जोरात म्हणाली, "अवो वन्सं! मी तर त्या दिवशी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या खाऊन बसले होते. तरी वेळेला असावं म्हणून पॅडचं अख्खं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. दारामागच्या खुंटीला! मला नुसती खूण करायची होती."

"मला काय ठावं?"

"आणि मी तुमच्या नावानं सात वर्षं... जाऊ दे. घर तरी बघितलं होतं का सगळं?"

"न्हाई. आल्या आल्या पूजेलाच बसले हुते. सैपाकघर पण न्हाई बघितलं."

"मग आजच या. आधी घर बघा, जेवा. हळदीला काय काय करायचं ते आत्याशिवाय मला कोण सांगणार?"

मी फोन ठेवला तेव्हा तो माणूस हाक मारत होता, "मावशी, जरा हिकडं या. चष्म्याला चुकतंय, हाताला चुकत न्हाई. बघा बरं हात फिरवून."

मी तळहात पालथा करून बॉनेटवरून सावकाश नेला. चार ठिकाणी काहीच लागलं नाही. जिथं लिंबाएवढा होता तिथं, अगदी तळाशी, जरासं हाताला आलं.

"हितं हाय अजून."

त्यानं दिवा सरकवला, वाकून बघितलं. "हाय की! सायेब, भैनीला हितंच कामाला ठेवा."

"परवडायची न्हाई तुमाला," भाऊ म्हणाला. "वर्साला एक शब्द बोलती."

आणखी पाव तास त्यानं तेवढ्यावर काढला. मग मी परत हात फिरवला. पत्रा कोऱ्या ताटासारखा गुळगुळीत लागला.

बाहेर आलो तर दुपार झाली होती. भावानं गाडीचं दार उघडलं आणि विचारलं, "तुला गावाकडं सोडू का येतीस?"

अंगावर घरची साडी होती, हातात पिशवी नव्हती. मी त्याचा फोन मागितला आणि मालकांना लावला.

"मी सांगलीला चाललेय. उद्या येते."

"आँ? आन् म्हस कोण पिळणार?"

"तुमी."

पलीकडं मालक काहीतरी बोलत होते. मी भावाला म्हटलं, "आधी कुठंतरी गाडी थांबव. काल दुपारपासनं पोटात काय न्हाई माझ्या." त्यानं तासगाव रस्त्याला एका हातगाड्यापाशी थांबवली. मी चार वडे खाल्ले, त्याच्या पुड्यातला एक उचलला, आणि मग आम्ही निघालो.