मोहाची बिअर

पुण्याला जायला निघाले त्या दुपारी माय आणि बाबा दोघेही वर्धा स्टेशनपर्यंत आले होते. वडनेरहून आधी हिंगणघाट, तिथून दुसरी एसटी, हा प्रवास बाबांना सोपा नव्हता, कारण त्यांना दिसत नाही. तरी ते आले. गाडी लागल्यावर मायचा खांदा धरून डब्यात चढले, माझी सीट हातानं चाचपली, बॅगेची साखळी ओढून पाहिली, कुलूप हिसकून पाहिलं. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते ते. हाताला पटल्याशिवाय कुठल्याही लोखंडावर त्यांचा विश्वास बसत नसे. मग खाली उतरून खिडकीशी उभे राहिले आणि बोलू लागले. पण ती खिडकी माझी नव्हती. आतल्या अनोळखी बाईनं बिचारीनं सगळं ऐकून घेतलं. मायनं त्यांना हाताला धरून माझ्यासमोर आणेपर्यंत त्यांचं सांगून झालं होतं. ते काय बोलले हे मला आजवर कळलेलं नाही.

मायनं मात्र एकच गोष्ट सांगितली. "तिकडच्या लोकाईले घरचं सारं सांगत नोको बसू. पोहचली का फोन करजो."

तुम्ही जे वडनेरलाच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, दोघांनाही हे सांगते आहे. गेल्या वर्षी जे झालं ते मी ऑफिसात कुणाला सांगू शकत नाही. इथल्या लोकांना त्यातलं निम्मंच कळेल, आणि तेही चुकीचं निम्मं.

पुण्यात आले तेव्हा पहिलं वर्ष माझ्या बोलण्यावर लोक हसत. 'मले' तोंडातून निघालं की मीटिंगमध्ये कुणीतरी मान खाली घालून हसायचं. मी 'मला' म्हणायला शिकले. टेस्टिंगच्या नोकरीत पक्की झाले, हॉस्टेलमधून वन बीएचकेत आले, मग अमोलशी लग्न झालं. अमोल बोरगाव मेघेचा. त्याचे वडील वर्ध्यात सरकारी ऑफिसात होते. तोही इथंच आयटीत. दोन्ही घरं जयभीमवाली, दोन्ही मुलं पुण्यात, एकाच जिल्ह्याची, त्यामुळे स्थळ दोन्हीकडच्यांना सोयीचं होतं. बघायला आले तेव्हा त्याच्या आईनं बाबांच्या डोळ्यांचं विचारलं. माय म्हणाली, शुगरनं गेले. अमोलच्या आईनं हळहळून स्वतःची शुगर किती आहे ते सांगितलं आणि विषय संपला.

अमोल चांगला माणूस आहे. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याच्यावर घसराल. लग्नाच्या वेळी तो पीत नव्हता. मग टीम पार्टी, मग प्रोजेक्ट रिलीज, मग शुक्रवार. आमच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला दारूच्या दुकानाची पाटी बघूनच पहिल्यांदा बावचळायला होतं. आश्रमाचा जिल्हा म्हणून आमच्याकडे कधीपासूनची दारूबंदी. मिळायची सगळीकडे, पण चोरून, प्लास्टिकच्या पन्नीत, कुणाच्या तरी मागच्या दारानं. इथं काचेच्या कपाटात दिवे लावून ठेवलेली. अमोलला त्यात मोकळेपण वाटलं. मला काय वाटलं ते मी बोलले नाही, कारण बोलायचं तर शुगरपासून सुरुवात करावी लागली असती.

लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं क्राफ्ट बिअर फेस्टिव्हलची दोन तिकिटं काढली. रविवार होता. शहराबाहेरच्या एका मोठ्या लॉनवर मांडव, गवताच्या गठ्ठ्यांवर बसायची सोय, बँड. दारात मनगटाला कागदी पट्टी बांधली आणि हातात एक लहानसा ग्लास दिला. प्रत्येक स्टॉलवर घोटभर चाखायची. अमोल उत्साहात होता. ही आंब्याची, ही कॉफीची, ही कोकमाची, असं करत प्रत्येक ठिकाणी मला आधी वास घ्यायला लावायचा. आजूबाजूला आमच्यासारखीच जोडपी. बाया मोकळेपणानं पीत होत्या, हसत होत्या, कुणी कुणाला घाबरत नव्हतं. मला ते आवडलं, खरंच आवडलं. मीही दोन-तीन ठिकाणी चाखली. कडू लागली, एवढंच.

मग ऊन उतरायच्या सुमाराला अमोलनं लांबूनच हाक मारली, "अगं, ये लवकर! आपल्याकडची आहे!"

त्या स्टॉलवर सागाच्या पानांचं तोरण होतं. परडीत वाळलेली मोहाची फुलं ठेवली होती. स्टॉलवरची मुलगी इंग्रजीत सांगत होती की हा आपला विसरलेला वारसा आहे, ही फुलं आदिवासी बाया पहाटे वेचतात, आम्ही ती थेट विदर्भातल्या जंगलातून आणतो. फोन पुढं करून लोक फुलांचे फोटो काढत होते. मी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली घेतला.

वडनेरला आमच्या घरामागं सुकमाबाई राहायची. गोंड बाई. पोरींशी गोंडीत बोलायची, आमच्याशी आमच्यासारखं. ती मोहाची दारू काढायची. तिच्या अंगणातून असाच वास यायचा, गोडूस आणि कुजका. बाबा जिनिंगमधून सुटले की तिच्याकडे जात आणि तिथून घरी येत. घरी आल्यावर जे व्हायचं ते शेजारच्या सगळ्यांना ऐकू जायचं. मी पोटमाळ्यावर चढून बसायची. शेवटी मायनं विहारात येणाऱ्या बायांना जमवलं. एका सकाळी पंधरा-वीस जणी काठ्या घेऊन निघाल्या आणि गावातली सडव्याची, म्हणजे दारूसाठी मोह आंबत घातलेली, मडकी फोडत गेल्या. पहिली सुकमाबाईची. ती मध्ये पडली नाही. दारात उभी राहून बघत होती. मायचा फोटो पेपरात आला. पोलिसांनी सुकमाबाईवर केस केली आणि महिन्याभरात ती पोरींना घेऊन गाव सोडून गेली. कुठं गेली कुणाला माहीत नाही. तिला पोहोचवायला स्टँडवर कुणीही गेलं नव्हतं.

बाबांचं पिणं थांबलं नाही. मोहाची मिळेना म्हणून ते हायवेवर जाऊ लागले. तिथं कुणीतरी बाहेरून पन्न्या आणून विकायचा. पाण्यासारखी दिसणारी, कशाची बनवलेली ते देवाला ठाऊक. एके दिवशी तिघांनी घेतली. दोघं गेले. बाबा सकाळी उठून मायला म्हणाले, "खिडकी उघड न वो, अंधार काऊन करून ठेवला?" खिडकी उघडीच होती.

हे सगळं मी अमोलला तिथंच सांगितलं, गवताच्या गठ्ठ्यावर बसून. मागं बँड वाजत होता, त्यामुळे मला मोठ्यानं सांगावं लागलं. त्याच्या हातात मोहाचा ग्लास तसाच होता. कुठं ठेवावा ते त्याला कळेना. इतक्या वर्षांत तो घराबाहेर माझ्याशी वऱ्हाडीत बोलला नव्हता, पण त्या वेळी बोलला.

"म्हंजे शुगर नव्हतीच?"

"नाही."

"मग मले तू काऊन नाई सांगितलं? मी परका हाओ का?"

मला वाटलं होतं तो बाबांबद्दल काही बोलेल. किंवा मायबद्दल. त्याला लागलं ते आपल्याला फसवल्याचं. त्याचंही चुकलं असं नाही म्हणत. थोड्या वेळानं त्यानं विचारलं की मग तू आज आलीसच कशाला. मी म्हटलं, तू इतक्या हौसेनं तिकिटं काढली होतीस.  ग्लासातली बिअर त्यानं गवतावर ओतली. शेजारच्या जोडप्यानं चमकून पाहिलं, बहुतेक इतकी वाईट लागली का म्हणून. कॅब बोलावून आम्ही घरी आलो. वाटेत तो त्याच्या खिडकीतून बघत होता, मी माझ्या.

त्यानंतर चार-पाच महिने त्यानं बिअरला हात लावला नाही. मग एका शुक्रवारी उशिरा आला आणि दारातच बडीशेप चघळत होता. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आता महिन्यातून दोन-तीनदा बडीशेप असते. तो ओरडत नाही, हात उगारत नाही, सकाळी वेळेवर उठून माझाही चहा करतो. तरी चावी दारात फिरली की माझे कान टवकारतात, आणि मी पोटमाळा नसलेल्या त्या घरात कुठंतरी बसायला जागा शोधते.

दिवाळीत आम्ही वडनेरला गेलो. बाबा ओसरीत खाटेवर बसलेले. खूप वाळलेत आता. अमोलनं बोलता बोलता, विषय हवा म्हणून असेल, त्यांना सांगून टाकलं की पुण्यात मोहाची बिअर मिळते, मोठ्या दुकानात, उघड्यावर. मी त्याच्याकडे बघत राहिले. आत मायचा पोळपाटावरचा आवाज थांबला.

 बाबा माझ्या दिशेनं तोंड वळवून म्हणाले, "तू चाखली?"

मी हो म्हटलं.

"कशी व्हती?"

 खोटं सांगण्यासारखं त्या घरात आता काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, चांगली होती, बाबा. वास अगदी तसाच होता.

त्यांनी मान हलवली. "सुकमाच्या हातची चांगली राहे. तिनं कधी कोणाले काई मिसळून नाई देल्ली." तेवढंच. मग अमोलला विचारू लागले की पुण्यात थंडी पडली का.

दुसऱ्या दिवशी माय अंगणात तूर पाखडत होती. मी शेजारी बसले. तिनं सूप खाली ठेवलं आणि डावं मनगट माझ्यापुढं धरलं. ते सरळ होत नाही, बाबांनी एकदा पिरगाळलं तेव्हापासून. माझ्याशी बोलताना ती घराकडे बघत होती, आवाज ओसरीपर्यंत जाऊ नये म्हणून बारीक करून.

"मडके नसते फोडले तं त्याचे डोळे राह्यले असते. हे मले कोणी सांगाची गरज नाई. अन् नसते फोडले तं मी राह्यली नसती. हेही मले माहीत हाय."

मी विचारलं, सुकमाबाईची आठवण येते का. माय म्हणाली, हिंगणघाटच्या बाजारात गेली की दर वेळी एकदा तरी तिच्यासारखी कोणी दिसते, मागून. समोर जाऊन पाहायची हिंमत होत नाही. मग ती पुन्हा पाखडायला लागली.

आत बाबांनी हाक मारली, त्यांना मोरीकडे जायचं होतं. माय उठली.

पुण्यात मला लोक विचारतात, गावी घर आहे का तुमचं. मी आहे म्हणते. दोन खोल्या आणि एक ओसरी. पण खरं सांगायचं तर घर म्हणजे आता माझ्यासाठी ती जागा आहे जिथं सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि तरी कुणी उठून जात नाही. मी मात्र गेले. अमोलच्या घरी, म्हणजे आमच्या घरी, कुणाला काही ठाऊक नसलं की बरं असतं, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलेलं आहे. त्यातल्या कुठल्या घरात मला म्हातारं व्हायला आवडेल, ते मला सांगता येत नाही. परतीच्या गाडीत बसताना या वेळी आम्हाला सोडायला एकटी मायच आली होती. बाबा म्हणाले होते, माझ्याच्यानं होत नाई, तिथं उभं राहून मी कोणाशी बोलतो तेही मले समजत नाई.