गाडी नादुरुस्त

सकाळी सव्वानऊला ऑफिसचा फोन वाजला की आम्ही ओळखायचो. पलीकडून आमच्या सहकारी ताईंचा उरणकडचा ठसकेबाज आवाज, "भाऊ, माजी गारी बंद परली."

ताईंकडे गाडी नव्हती, साधी सायकलसुद्धा नव्हती. बंद पडायची ती त्यांची चार वर्षांची मुलगी, नाहीतर अंथरुणाला खिळलेली सासू. तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? सांगतो. कळंबोलीतल्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीने रजेचा अर्ज कॉम्प्युटरवर आणला, तेव्हा त्यात कारणं तीनच होती: स्वतःचं आजारपण, लग्नकार्य, गाडी नादुरुस्त. मूल आजारी, हे कारणच नाही. साहेब म्हणाले, यादीत आहे त्यातलंच निवडा. ताईंनी निवडलं.

मग काय, आम्हालाही ती भाषा चढली. इंजिन गरम म्हणजे ताप, सायलेन्सर वाजतोय म्हणजे खोकला. जुलाबाला काय म्हणायचो ते तुम्हीच ओळखा.

ट्रकांच्या फेऱ्या लावण्यात ताईंचा हात धरणारा कोणी नव्हता. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांनाच मिळणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. महिला दिनाला साहेबांनी समानतेवर भाषण ठोकलं, ताईंना गुलाब दिला आणि त्याच आठवड्यात पत्र दिलं: आपले वाहन वारंवार नादुरुस्त होत असल्याने बढतीचा विचार करता येत नाही. सदर वाहन त्वरित भंगारात काढावे.

ताईंनी पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "भाऊ, कंची काढू? बारकी का म्हातारी?"

सगळं ऑफिस हसलं. ताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे ती जागा मला मिळाली. माझ्या पत्रात लिहिलं होतं, वाहन वर्षभर सुस्थितीत. घरी माझी दोन पोरं आणि दमेकरी वडील.

इथे वर चढायची वाट बंद झाली म्हटल्यावर ताईंनी महिन्याभरात नोकरी सोडली. निघताना माझ्या टेबलाशी थांबल्या. रागावल्या नव्हत्या, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "भाऊ, तुमच्या घरच्या गाऱ्या कोन ढकलतं?"

माझी बायको वाशीला नोकरी करते. त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, घरात कोणी आजारी पडलं की तू ऑफिसात काय कारण देतेस.

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडे पाइप फुटतो."