मारियाच्या उखाण्याला हसणाऱ्यांनो

मंडळी, द्वारका चौकातल्या सायबर कॅफेत बसून लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

माझी धाकटी जाऊ मारिया ग्रीसच्या क्रीट बेटावरची. दीर विंचूरला वाईनच्या कारखान्यात आहेत, तीही तिथे कामाला आली आणि दोघांचं जमलं. आज घरी सत्यनारायण होता. सगळ्यांनी तिला उखाण्याचा आग्रह केला.

तिने डोळे मिटून तिच्या भाषेतल्या दोन ओळी गायल्या. त्यांच्याकडेही लग्नाकार्यात अशा यमक जुळवलेल्या ओळी म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या.

चुलत सासरे खो-खो हसले. "हे काय रडगाणं? मराठीत नाव घे, नाहीतर सून कसली!"

मारिया मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "काका, माझ्या आजीचं गाव युद्धात जर्मन लोकांनी जाळलं. घर गेलं, चर्च गेलं. गाणं आजीला पाठ होतं, म्हणून राहिलं."

"बरं बरं, आता नाव घे." पुन्हा हशा. दीरही हसले!

मग मात्र मला राहवलं नाही. "काका, पांडवलेण्यांच्या भिंतींवर स्वतःची नावं खरडणारी माणसं आपण. तुमच्या आजीची एक तरी ओवी म्हणून दाखवा."

काकांना एकही आठवेना. ते ताडकन उठले आणि प्रसाद न घेताच निघून गेले. मारिया केव्हाच आत जाऊन दार लावून बसली होती.

सासूबाई म्हणतात, "मोठ्या माणसाची माफी माग."

मी मुळीच मागणार नाही. पण मला एक सांगा, मारियाची माफी मागायचं एकालाही का सुचलं नाही?