उचल कोणी घेतली?

आमच्या वहिनीला आरीवर्कच्या भरतकामाचा ऑनलाइन कोर्स सोडायचा होता. कोर्स बारा महिन्यांचा. पण दोनच महिन्यांत तिचा हात असा बसला, की व्हिडिओतल्या बाई तिला सुस्त वाटायला लागल्या. अंकुशनगरच्या दोन नवऱ्या मुलींचे ब्लाउज हाती आलेले, आणि पुढच्या हप्त्याच्या पैशांत तिला कापड ताणायची स्वतःची लाकडी चौकट करून घ्यायची होती. हप्ता मात्र पाच तारखेला खात्यातून आपोआप कापला जायचा.

क्लासवाला फोनवर म्हणाला, "ताई, ऑटोपे केलंय तुम्ही. आता बारा महिने सुटका नाही."

मी बाह्या सरसावून उठलो. "द्या इकडं फोन! असा झाडतो ना याला—"

"भावजी, खाली बसा." मी बसलो.

वहिनी मुकादमाची लेक. ऊसतोडीच्या टोळ्यांचे सौदे ऐकतच ती लहानाची मोठी झाली. फोनमध्ये ती गोड आवाजात म्हणाली, "दादा, टोळी मधीच निघून गेली तर मुकादम तिला धरतो. कामून? टोळीनं आधी आगाऊ पैशांची उचल घेतलेली असती. इथं शिकवायच्या आधीच पैसे तुम्ही घेऊन राह्यले. मंग बांधलेलं कोण?"

आमच्या स्वयंपाकघरात एवढा मोठा खटला लढवला जाईल, हे मला कुठं ठाऊक!

"पण फॉर्म भरलाय तुम्ही," तो पुटपुटला.

"त्यो बी वाचते."

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "ऑटोपे म्हणजे फक्त पैसे कापायची परवानगी. ती तुम्हाला बंद करता येते. पण क्लासशी ठरलंय ते वेगळं. ते फॉर्ममध्ये बघा."

फॉर्म नऊ पानांचा. चष्मा लावून, हातवारे करून, मी तो नाटकासारखा वाचला. सातव्या पानावर वहिनी म्हणाली, "थांबा. पुन्हा वाचा." बारीक अक्षरात होतं: हप्त्याच्या तीन दिवस आधी लेखी कळवल्यास पुढील हप्ते लागू नाहीत.

पाच तारखेला अजून आठवडा होता; तिनं लगेच क्लासला दोन ओळींचा मेसेज लिहिला, तो पोचल्याची खूण पाहिली, आणि मगच ऑटोपे बंद केला. मी आ वासून बघत होतो.

पाच तारखेला सकाळपासून मी तिचा फोन समोर ठेवून बसलो. दुपारी क्लासचा मेसेज आला: आपला कोर्स बंद केला आहे. मी ओरडतच आत धावलो, "वहिनी, हप्ता कापला न्हाई!"

आत कोणीच नव्हतं. ती सकाळीच सुताराकडं गेल्ती.