न विचारता घातलेले पाणी

आई सुईण होती. गोंदियात मिशनचा जो लहान दवाखाना होता, तिथे ती बाळंतपणे करी आणि बोलावणे आले की आसपासच्या खेड्यांतही जाई. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. आता तिला जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. तिच्याविषयी लिहायला बसते आणि दर वेळी मुर्री नावाच्या खेड्यातल्या एका घराशी येऊन अडते. आज तेवढेच लिहिते.

आम्हा कॅथलिकांत बाप्तिस्मा फादर देतात. पण माणूस मरणाच्या दारात असेल तर कुणीही देऊ शकते. डोक्यावर पाणी ओतायचे आणि ठरलेले एक वाक्य म्हणायचे. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या मुलाला देवाचे मुख दिसत नाही, असे आम्हाला लहानपणापासून शिकवले होते आणि आईचा त्यावर पूर्ण विश्वास होता. म्हणून तिच्या हातात जी मुले जात, ती कुणाचीही असोत, त्यांच्या डोक्यावर ती हळूच पाणी घाली. आईबापांना सांगत नसे. बाळंतपणाच्या खोलीत सगळेच ओले असते, कुणाच्या ध्यानात येत नसे.

मुर्रीची मुलगी मात्र जगली.

रोवणीचे दिवस होते, दुपारची वेळ. माणसे सगळी शेतावर, धानाच्या बांधीत गेलेली, घरी बाळंतीण आणि तिची सासू. मूल निळे पडलेले आले, रडेना. आईने आधी पाणी घातले, वाक्य म्हटले आणि मग तोंडाला तोंड लावून श्वास देऊ लागली. बऱ्याच वेळाने पोर रडले. घरी येऊन हे मला सांगताना तिच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि धास्ती जास्त होती. आमच्या धर्माप्रमाणे ती मुलगी आता ख्रिस्ती झाली होती आणि ते तिच्या आईला माहीत नव्हते. आईने फादरना विचारले. ते म्हणाले, "आता याविषयी कुणाशी बोलू नका. तिच्यासाठी प्रार्थना करा."

आई प्रार्थना करत राहिली. मुर्रीची ती बाई बाजाराच्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन आमच्याकडे येई, ओसरीवर टेके, कधी शेतातली लाखोरीची भाजी देऊन जाई. पोरीला सांगे, "हे पाय, हे तुई दुसरी माय." आई तेव्हा भाजी निवडायला घेई.

दोन-अडीच वर्षे अशी गेली. आमचा भाग त्या वेळी मध्यप्रदेशात होता. मिशनरी लोक फसवून दुसऱ्यांचा धर्म बदलतात असा आरोप होता, आणि सरकारने त्याची चौकशी करायला समिती नेमली. ती ठिकठिकाणी फिरून लोकांचे म्हणणे ऐकत होती. मी नुकतीच शाळेत शिकवू लागले होते. तिथल्या एका मास्तरांनी सगळ्यांदेखत विचारले, "बहनजी, पिछले महीने आपके घर चाय पी ली थी. अब मेरा क्या होगा?" सगळे हसले. मीही हसले.

फादरनी दवाखान्याचे निवेदन तयार केले. माझे अक्षर बरे म्हणून मराठी प्रत मी लिहिली. 'या दवाखान्यातील कोणीही, कोणासही, त्याच्या अथवा त्याच्या आईबापांच्या संमतीवाचून बाप्तिस्मा दिलेला नाही', असे त्यात एक वाक्य होते. त्याखाली आईची सही हवी होती.

आईने कागद दोनदा वाचला. "हे खरं नाही."

"एका मुलीसाठी, आई..."

"एक जगली म्हणून एक म्हणतेस. गेलेली मुलं कुठं धरलीस?"

"तू सही केली नाहीस तर दवाखाना बंद होईल. मग या बायका कुठे जातील?" मला हा मुद्दा बिनतोड वाटला होता.

ती कागदाची घडी करत म्हणाली, "आधी तिला सांगते. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको."

आम्ही दोघी मुर्रीला चालत गेलो. बाई अंगणात तांदूळ पाखडत होती, सासू भिंतीला टेकून बसली होती, पोरगी कोंबड्यांमागे धावत होती. आई खाली बसलीच नाही. उभ्यानेच सगळे सांगितले. घरी ती माझ्याशी शाळेतली मराठी बोले, खेड्यात खेड्याची.

बाईचे हात थांबले. "मंग हे तुमची झाली का?"

"नाही वो. तुईच हाये."

"मंग कायले टाकलं पाणी?"

"वाटलं, जाते. देवाजवळ जावं म्हनून."

"आमच्या देवाजवळ गेली नसती का?"

सासूच मध्ये बोलली, "पाणीच टाकलं ना वो, तेल तं नाही टाकलं. सुकलं असन आतावरी. पोरगी जितली, ते पाय ना."

सून हसली नाही. "बाई, तुमी मले इचारलं काऊन नाही? मी तं होशात होती."

"टाइम नव्हता," आई म्हणाली. मग म्हणाली, "टाइम होता. तू नाही म्हनली असती, म्हनून नाही इचारलं."

बाईने सूप खाली ठेवले, पोरीला उचलले आणि आत गेली. आतून आवाज आला, "मी कोनाले सांगनार नाही. पन आता येऊ नका तुमी."

आईने सही केली नाही. फादर रागावले नाहीत; त्यांनी तिच्या सहीवाचून निवेदन पाठवले. समितीची माणसे येऊन गेली तो दिवस आई धुतलेले लुगडे नेसून घरी बसून होती. विचारले तर खरे सांगायचे, असे तिने ठरवले होते. कुणी विचारले नाही. मुर्रीच्या बाईने शब्द पाळला. दवाखानाही चालू राहिला. बाजाराच्या दिवशी आमची ओसरी तेवढी रिकामी राहू लागली.

पुढच्या वर्षी एका सकाळी तिची सासू एकटीच आमच्याकडे आली. दारातच खाली बसली.

"सून गेली, बाई. लेकरूही गेलं. दोन दिवस अडली होती."

आईने विचारले, "पयले हात आला का?"

"हो. हातच आला."

"आडवं होतं. म्या वळवलं असतं."

"मालूम हाये," म्हातारी म्हणाली. "म्या म्हनलं, बाईले बलावतो. सूनच नाही म्हने. शेवटवरी नाहीच म्हने."

आईने तिला पाणी दिले. म्हातारीने ते घेतले आणि सगळे प्याली.

त्यानंतर आईने न विचारता कुणाच्या मुलावर पाणी घातले नाही. दवाखान्यात मूल जाईल असे दिसले की ती बाळंतिणीच्या कानाशी वाकून सोप्या शब्दांत विचारी. कुणी हो म्हटल्याचे मला आठवत नाही. एकीने तर तशा अवस्थेतही तिला शिवी दिली. आई हात मागे घेई आणि मूल त्याच्या आईच्या कुशीत ठेवी. मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते की विचारणेच योग्य होते. पण मी फक्त तसे मानत होते. जिचा त्या पाण्यावर विश्वास होता, तिने ते हातात धरून थांबायचे होते. ते मूल देवाला कायमचे मुकणार, असे ती तेव्हाही मानत होती.

याविषयी आम्ही कधी बोललो नाही. रविवारी चर्चमधल्या मिस्सेत ती मागे बसू लागली. कम्युनियनची, म्हणजे फादरच्या हातून पवित्र भाकर घेण्याची वेळ आली की सगळ्या बायका उठून पुढे जात; आपल्या हातून मोठे पाप घडले असे ज्याला वाटते, त्याने ती घ्यायची नसते. ती काही रविवारी जाई, काही रविवारी जागेवरच बसून राही. मला वाटे, पाय दुखत असतील. ज्या आठवड्यात एखादे मूल पाणी न घालता गेलेले असे, त्या रविवारी ती उठत नसे, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली.