आमची हरकत

फाशी असावी की नसावी, हा विषय मी तेवीस वर्षं शिकवला. शिकवला म्हणजे काय, घाटकोपरच्या शाळेत मी मराठीची बाई, त्यामुळे वादविवाद स्पर्धेला मुलं तयार करायचं लोढणं माझ्याच गळ्यात. मोबाईल शाप की वरदान, परीक्षा हव्यात की नकोत, आणि दर दोन वर्षांनी फाशी. बाजूची आणि विरोधातली, दोन्ही भाषणं मीच लिहायचे. विरोधातलं जास्त रंगायचं. ‘जे परत देता येत नाही, ते सरकारने घेऊ नये,’ असं म्हणून सातवीतली मुलगी दोन सेकंद थांबायची. ते थांबणंही मीच बसवलेलं. परीक्षक माना डोलवायचे आणि ढाल आमच्याकडे यायची.

मग माझ्या धाकट्या भावाचा खून झाला.

डोंगरावरच्या आमच्या वस्तीत पाणी पहाटे तासभर यायचं. शेजाऱ्याने नळाला मोटार लावली, भावाने ती काढायला सांगितली, शिवीगाळ झाली आणि शेजाऱ्याने हातातला लोखंडी पान्हा त्याच्या डोक्यात घातला. एकच घाव. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. मारणारा काही परका गुंड नव्हता. एकाच दारासमोर दोघं वाढले, दोघांची घरं मालवणकडची, दोघांचे बाप एकाच गिरणीत. त्याची आई आमच्याकडे घावणे पाठवायची आणि माझी आई ताट रिकामं परत जाऊ नये म्हणून त्यात काहीतरी घालून पाठवायची.

माझी मतं? ती त्या तीन दिवसांत साफ पुसली गेली. कोर्टाच्या व्हरांड्यात ‘फाशी द्या मेल्याला!’ असं ओरडणारी बाई मीच होते. मला त्याची आजही लाज वाटत नाही. वकिलाने समजावलं की फाशी दुर्मिळातल्या दुर्मीळ गुन्ह्याला असते, हा तसा नाही. म्हणजे माझा भाऊ चारचौघांसारखाच मेला होता. जन्मठेप झाली. आम्ही डोंगर सोडून मुलुंडला दोन खोल्या घेतल्या, तिथे पाणी दोन्ही वेळ येतं.

मुलुंडच्या सोसायटीत मात्र माझा भलताच मान. पेपरात कुठला खून आला की लोक माझं मत घ्यायला येतात. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज सकाळी मुंग्यांना साखर घालतात, त्यांचं म्हणणं, असल्यांना भर चौकात उलटं टांगावं. सेक्रेटरी तर खटलाच नको म्हणतात. गच्चीतल्या गळतीवर मात्र त्यांना सहा मीटिंगा लागतात. सगळे बोलून झाले की माझ्याकडे बघतात, की आता बाई शिक्कामोर्तब करतील. मी म्हणते, चहा घेणार का?

तर गेल्या वर्षी एका मंगळवारी दुपारी हवालदार दारात. आई खाली बसून जवळा निवडत होती. ती चौऱ्याऐंशीची, पण जवळ्यातला एक खडा सुटायचा नाही तिच्या हातून. हवालदाराने सांगितलं की त्या माणसाने पॅरोलचा अर्ज केलाय. त्याची आई बोरिवलीला लेकीकडे अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, तिला मुलाला बघायचंय. मयताच्या घरच्यांची हरकत आहे का, एवढा जबाब हवा.

“सही करा बाई, लिहूनच आणलाय,” म्हणत त्याने कागद पुढे केला. ‘सदर कैदी बाहेर आल्यास आमचे जिवास धोका असून आमची सक्त हरकत आहे.’

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सगळे हेच सांगतात ना. म्हणून छापूनच ठेवलंय. तेवढाच तुमचा त्रास वाचतो.”

आईने मान वर केली नाही. म्हणाली, “येवंदे तेका. आवस वाट बघता.”

हवालदार पेन काढून म्हणाला, “मग हरकत नाही असं लिहू? दोन ओळींचं काम आहे. आत्ता देऊन टाका.”

आणि इथे माझ्यातली मराठीची बाई जागी झाली. आईचं मला पटलं होतं, अगदी आतून पटलं होतं. त्याच्या आईने काय केलं होतं हो? पण नुसतं ‘हरकत नाही’? ट्रेनमध्ये कुणी सरकून बसायला सांगितलं की म्हणतो तसं? उद्या तो कागद वाचून त्याला वाटायचं, झालं, माफ केलं यांनी! माफबीफ काही केलं नव्हतं मी. ते स्वच्छ लिहिलं पाहिजे. मी हवालदाराला म्हटलं, “मी लिहून आणून देते. माझ्या शब्दांत.”

“लवकर द्या हं बाई,” तो म्हणाला आणि गेला.

बुधवारी मी पहिला खर्डा लिहिला. चार पानं झाली. त्यात भावाचं लहानपण आलं, पाणी आलं, घावणेसुद्धा आले. पोलिसांच्या फायलीत घावणे! फाडला. गुरुवारी हवालदाराचा फोन आला, मी म्हटलं, देते, जरा सुधारते. दुसरा खर्डा इतका कडक झाला की वाचून मलाच वाटलं, ही बाई हरकत घेतेय. शुक्रवारी पुन्हा फोन. “बाई, स्पर्धेला नाही पाठवायचाय,” तो म्हणाला. मला राग आला. तुमच्या छापील कागदावर माझं आयुष्य मावत नाही, असं मी त्याला सुनावलं. आई दर वेळी नुसतं विचारायची, “दिलंस गो?” आणि मी सांगायचे, अगं असं नसतं, जबाब नीट लिहावा लागतो.

सोमवारी सकाळी इस्त्रीची साडी नेसून मी पोलीस स्टेशनला गेले. एकच पान, सुवाच्य अक्षर, खाडाखोड नाही. ‘आमचे दुःख कायम आहे आणि गुन्ह्यास आमची क्षमा नाही. परंतु एका आईची शिक्षा कोणत्याही न्यायालयाने सुनावलेली नाही. ती आमच्या हातून होऊ नये, म्हणून आमची हरकत नाही.’ हवालदाराने उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून बसला आणि पुन्हा वाचलं.

“एक नंबर लिहिलंय बाई,” तो म्हणाला. “खरंच.”

“मग पाठवा पुढे.”

“आता कुठे पाठवू? काल संध्याकाळी गेली ना म्हातारी. आज त्याला बंदोबस्तात स्मशानात नेताहेत, दोन तास. लगेच परत.” तो फाईल चाळत होता. “बाकीचे कागद बुधवारीच आले होते. तुमचाच तेवढा राहिला होता.”

कागद त्याने मला परत दिला. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला, कारण दुसरं काय करायचं सुचलं नाही. बाहेर येऊन रिक्षात बसले. सिग्नलला रिक्षावाला कुठल्याशा खटल्याच्या बातमीवर सुरू झाला, असल्यांना लटकवायला पाहिजे मॅडम, लगेच्या लगेच.

आई दारातच बसली होती. मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. सख्खी बहीण गेल्यासारखी हुंदके देत रडली मग. भावाच्या वेळी ती अशी रडली नव्हती, तेव्हा तिला रडूच फुटत नव्हतं. मी पाणी आणून दिलं, तिने ते बाजूला ठेवलं.

“कधी गेली म्हटलंस?”

“काल संध्याकाळी.”

“काल तू काय करत होतंस?”

तिला मी सांगितलं नाही, पण मला चांगलं आठवतं. त्या रविवारी संध्याकाळी मी तिसरा खर्डा लिहीत होते, आणि तो मला फार छान जमत होता.