पंचनाम्यात नसलेला प्रोसेसर

अनेकांत हा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो. तालमीच्या पोरांना अजून वाटतं, तो दुधाच्या धंद्यात आहे. अगदीच चूक नाही. गावोगावच्या डेअरीत दूध मोजणारं जे मशिन असतं, त्यातला प्रोग्रॅम तो लिहितो. त्यात तीन थ्रेड, म्हणजे कामाचे तीन धागे, एकाच वेळी राबतात: एक वजन घेतो, एक फॅट बघतो, एक पावती छापतो. मशिन मेलं की मागे एक फाइल ठेवतं, कोअर डंप. कोणता थ्रेड कुठं अडकला होता, याचा पंचनामाच तो.

राधानगरीकडचं एक मशिन सारखं मरू लागलं. डेअरीचे चेअरमन आकाराम फोनवर गरजले, "आता बंद पडलं तर समदी मशिनं परत! आन् तुमी बी घरात बसा!"

अनेकांतने पंचनामा उघडला. थ्रेडची सगळी हकीकत होती, प्रोसेसर कुठला ते नव्हतं. मशिनातल्या काही सर्किट बोर्डांवर जुना प्रोसेसर, काहींवर नवा. तो कळल्याशिवाय बाकीचे आकडे म्हणजे नुसती रांगोळी. त्याने दुरुस्तीवाल्याला गाठलं.

"गुंडूमामा, त्या मशिनात बोर्ड कुठला होता?"

"कवा?"

"बंद पडलं तेव्हा!"

"आता कसं सांगू? दूध थांबतंय व्हय? मी शेजारच्या गावचा चालू बोर्ड काढून बसवतो. त्यास्नी तिसऱ्या गावचा. समदं फिरतंच असतंय की!"

गुंडूमामाच्या परोपकारामुळे तालुक्यात एकही बोर्ड मूळ घरी राहिला नव्हता.

मग अनेकांतने प्रोग्रॅम सुधारला. यापुढे मशिन मरताना आधी प्रोसेसरचं नाव लिहिणार होतं. तो स्वतः डेअरीत गेला, तर मशिन शहाण्या बाळासारखं चालू. आकाराम आडवे आले.

"चालत्या मशिनला हात लावायचा न्हाय, पावणं."

"नवा प्रोग्रॅम बंद पडायच्या आतच घालावा लागतो."

"म्हंजे बंद पडणार, हे तुमास्नी ठावं हाय?"

हो म्हणावं तर नोकरी जाणार. अनेकांत नाही म्हणाला, चहा प्याला आणि नवा प्रोग्रॅम तसाच घेऊन एसटीत बसला.

एसटी कोल्हापुरात पोचायच्या आत मशिन मेलं. मोबाइलवर आलेल्या नव्या पंचनाम्यात तिन्ही थ्रेड एकमेकांची वाट बघत उभे, आणि प्रोसेसरचा पत्ता नाही. त्याने गुंडूमामाला फोन लावला. मामा खुशीत होते.

"काळजी करू नकासा. दुसरा बोर्ड घालून दूध उरकलं. आता चेअरमन समदी मशिनं टेम्पोत भराय लागल्यात."

"आणि मेलेला बोर्ड?"

"त्यो बी टाकला की त्यातच. कुठला त्यो मातुर इचारू नका, समदे सारखेच दिसत्यात."